ओहोटीची वाट

कोकणात फिरावयास जायचे म्हणजे पुष्कळ पैसा गाठीशी हवा, अशी समजूत अलीकडे सर्वत्र पसरली आहे. स्वतःची मोटार हवी, समुद्राकाठची खोली हवी, पाण्यावरून धावणाऱ्या यंत्रनौकेत बसण्याचे भाडे हवे. ज्यांना हे परवडते त्यांनी ते खुशाल करावे. परंतु मालवणसारख्या गावी जे खरोखर पाहण्यासारखे आहे, त्यातील बहुतेक गोष्टींना तिकीट नाही. त्यांना फक्त वेळ असते, आणि ती वेळ पाहण्यासाठी घड्याळाबरोबर पंचांगही उघडावे लागते.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि मालवणसमोर समुद्रात उभ्या असलेल्या किल्ल्याचे नाव त्यास मिळाले. कोकण रेल्वेने येणाऱ्याने कुडाळ स्थानकावर उतरावे आणि तेथून एस.टी.ची गाडी धरावी. अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. बारा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट पडते, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही राज्य परिवहनाच्या गाडीत निम्मेच भाडे द्यावे लागते. त्यामुळे आई, आजी आणि मुले मिळून निघाली तरी खर्चाचा बोजा जाणवत नाही. धामापूरमार्गे जाणारी गाडी मिळाली तर अधिकच चांगले. तेथे दाट झाडीने वेढलेला एक जुना तलाव आहे. इ. स. १५३० मध्ये बांधलेल्या या तलावाच्या काठी भगवतीदेवीचे देऊळ आहे. पाणी साठविण्याच्या या जुन्या कामाची थोरवी ओळखून २०२० मध्ये त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान देण्यात आला. तलावाच्या काठी बसून घरून आणलेली भाकरी खाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. उष्टे मात्र पाण्यात टाकू नये, एवढे पथ्य पाळावे.

मालवणास प्रथमच आलेला प्रवासी पुष्कळदा निराश होतो. ज्या खडकाळ किनाऱ्याची कीर्ती ऐकून तो आलेला असतो, तेथे त्यास काळे खडक आणि त्यांवर आपटणाऱ्या लाटा यांवाचून काहीच दिसत नाही. तो थोडा वेळ उभा राहतो, अंगावर तुषार घेतो आणि परत फिरतो. तोच मनुष्य सहा तासांनी पुन्हा तेथे आला, तर त्यास आपण वेगळ्याच ठिकाणी आलो असे वाटेल. लाटा दूर गेलेल्या असतात, खडकांच्या रांगा उघड्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्या खळग्यांत काचेसारखे स्वच्छ पाणी साचलेले असते. दार तेच, पण आता ते उघडलेले असते.

हे दार उघडते आणि मिटते ते चंद्राच्या ओढीने. समुद्राचे पाणी दिवसातून साधारणपणे दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढणे ती भरती, उतरणे ती ओहोटी. मालवणी माणूस ओहोटीला सुकती असेही म्हणतो. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीस मिळते, आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढते. हे उधाण होय. उधाणाच्या दिवशी पाणी जितके अधिक चढते, तितकेच ते अधिक खालीही जाते. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते, त्यामुळे पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. त्या दिवसांना किनाऱ्यावर भांग म्हणतात. मालवणच्या बाजूस उधाणाच्या वेळी पाण्याच्या चढउतारात सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो. मुंबईस तो याहून बराच मोठा असतो.

ही वेळ काढण्याची एक युक्ती किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, तितके वाजता पूर्ण भरती. पूर्वी शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ करून घेत असत, त्याचा उपयोग येथे होतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता, आणि पौर्णिमेस व अमावास्येस, म्हणजे पंधराव्या तिथीस, सव्वाअकरा वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, आणि दोहोंच्या मध्यावर, म्हणजे भरतीनंतर सहा तासांनी, पाणी तळाला गेलेले असते.

यात पाऊण कोठून आला, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलास पडेल. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरतीही तितकीच मागे पडते. हिशेब तोंडी करता यावा म्हणून पन्नास मिनिटांऐवजी पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे पाऊण तास धरला गेला. साहजिकच उत्तर अगदी काटेकोर येत नाही. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची, क्वचित तासाभराचीही चूक राहते. शिवाय एकाच दिवशी भरतीची वेळ सर्व बंदरांत सारखी नसते. छापील कोष्टके अधिक अचूक असतात आणि काही दिनदर्शिकांतही ती दिलेली असतात. तरी दोन्ही जमेस धरून शेवटी किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या माणसास विचारावे, हे उत्तम.

आता या हिशेबाची एक गंमत लक्षात येईल. पौर्णिमेस आणि अमावास्येस भरती दुपारच्या थोडी आधी येते. तेव्हा ओहोटी पहाटे आणि सायंकाळी असणार. म्हणजे ज्या दिवशी पाणी सर्वांत दूर जाते, त्या दिवशी ते दूर जाते नेमके उन्हे उतरल्यावर. जणू कोणी पाहणाऱ्यांची सोय पाहूनच ही वेळ ठरविली आहे. मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर सूर्यास्त पाहण्यास पुष्कळ लोक जमतात. त्यांतील बहुतेकांचे डोळे आकाशाकडे असतात, आणि पायाशी काय आहे ते पाहावयाचे राहून जाते.

पायाशी एक गावच वसलेले असते. खडकावर चुन्याच्या टिकल्यांसारखे जे पांढरे कठीण ठिपके दिसतात, ते जिवंत प्राणी आहेत. पाणी गेले की ते आपली झाकणे गच्च मिटून घेतात आणि पाणी आले की उघडतात. त्यांच्या शेजारी कालवे खडकास अशी चिकटलेली असतात की ती दगडापासून वेगळी ओळखणेही कठीण. खळग्यातील पाण्यात एखादे फूल उमललेले दिसते. त्यावर सावली पडताच वा पाणी हलताच त्याच्या पाकळ्या आत वळतात. हे समुद्रफूल. ते वनस्पती नसून प्राणी आहे, आणि ज्या पाकळ्या वाटतात ते त्याचे भक्ष्य पकडण्याचे हात होत. एखादा लहानसा शंख अचानक चालू लागतो. तो उचलून पाहिला तर आत शंखाचा मूळ मालक नसतो. रिकामे घर पाहून एक खेकडा त्यात राहावयास आलेला असतो. त्याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असल्यामुळे त्यास असे घर लागतेच, आणि वाढ झाली की मोठे घर शोधावे लागते. प्रवासी सुंदर शंख दिसला की खिशात टाकतात. त्यात कोणी राहत आहे की काय, एवढे तरी पाहावे. आणि रिकामा असला तरी तो उद्या कोणाचे तरी घर होणार आहे, हे ध्यानात घेतले तर शंख उचलण्याचा मोह आपोआप आवरतो. या भागातील समुद्री जीवांचे रक्षण व्हावे म्हणून मालवणचा काही सागरी प्रदेश १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे.

वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीचे वेगळेच काम चाललेले असते. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते. बोटाच्या नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळू तोंडात घेतात, तिच्यातील अन्नकण काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात. पुढच्या भरतीस ही सारी नक्षी पुसून जाते, आणि ओहोटी झाली की ते पुन्हा कामास लागतात.

मालवणच्या उत्तरेस चिवला नावाची वेळा आहे. वाळूच्या किनाऱ्यास येथे वेळा म्हणतात. तेथे सकाळच्या वेळी कधीकधी रापण ओढताना पाहावयास मिळते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे फार मोठे जाळे. एक होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ करीत ते पाण्यात सोडते आणि दुसऱ्या बाजूने किनाऱ्यास लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून पुरुष आणि स्त्रिया तालावर पावले मागे टाकीत ते ओढू लागतात. हे काम एका घराचे नव्हे. गाबीत मच्छीमारांची अनेक कुटुंबे मिळून एक रापण चालवितात, आणि मिळालेली मासळी वाटून घेतात. दोरास हात लावणाऱ्या परक्या मुलासही मूठभर मासळी देण्याची रीत आहे. परंतु दोर ओढण्याचा हा खेळ नव्हे, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. जाळे किनाऱ्यास लागते तेव्हा सर्वांच्या माना पुढे होतात. कधी चांदीसारखी मासळी उसळत असते. कधी दोन तासांच्या श्रमानंतर एक टोपली भरत नाही. यंत्रांच्या मोठ्या नौका खोल पाण्यात मासळी उचलू लागल्यापासून रिकाम्या जाळ्याचे दिवस वाढले आहेत, असे हे लोक सांगतात. चार दिवस राहून मौज करून जाणाऱ्यास ही गोष्टही पाहावयास मिळावी.

मालवणास गेलेल्याने एका गोष्टीसाठी मात्र पैसे खर्चावेत, आणि ती म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी कुरटे नावाच्या बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली, आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. पायाभरणीची पूजा ज्या खडकाजवळ झाली असे मानतात, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावरच आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले असून तो पाहण्यास काही द्यावे लागत नाही. किल्ल्यात जाण्यास धक्क्यावरून होडी मिळते. ती सर्वांनी मिळून भाड्याची असल्यामुळे एकट्यास फार पडत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि होड्या बंद असतात. होडी सरळ रेषेत न जाता वळणे घेत जाते, याचे कारण पाण्याखाली दडलेले खडक. तांडेलास ते सारे ठाऊक असतात. शत्रूच्या जहाजास ते ठाऊक नव्हते, आणि किल्ल्याची ही न दिसणारी पहिली तटबंदी होती. दरवाजाही तटाच्या वळणात असा लपविला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून दाखविला जाणारा ठसा आहे, आणि आजही थोडी घरे नांदती आहेत.

चारी बाजूंनी खारा समुद्र असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी लागते, याचे सर्वांनाच आश्चर्य वाटते. बेटावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, म्हणून ते खाली झिरपणाऱ्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. विहीर फार खोल नेली नाही तर हे वरचे गोडे पाणीच तिच्यात उतरते. जागा निवडणाऱ्याने हे ओळखले होते. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

किल्ल्याच्या जवळच पद्मगड नावाचा एक छोटा पडका दुर्ग आहे. तेथे ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्याकडून पाण्यातून चालत जाता येते. समुद्रात पाय बुडवीत एखाद्या किल्ल्यावर चालत जावे, यासारखी दुसरी मौज नाही. पण वाट उघडली आहे म्हणजे ती उघडीच राहील, असे समजणारा मनुष्य तेथे अडकतो. पाणी परत येते ते समोरून गाजत येते असे नाही. ते बाजूच्या सखल भागातून मागे येऊन वाट बंद करते. म्हणून मुलांनी येथे एकटे जाऊ नये. बरोबर जाणते मोठे माणूस आणि वाट माहीत असलेला मच्छीमार हवाच. ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी निघावे आणि पाणी उलटू लागताच परत फिरावे. किल्ला पुरता पाहून झाला नाही, तरी हरकत नाही.

समुद्रात पोहणे ही फुकटची करमणूक मुलांना सर्वांत आधी आठवते, आणि नेमके तेथेच सर्वांत मोठे मोल द्यावे लागण्याचा संभव असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनारा सुंदर होता आणि दिवस सुट्टीसारखा आनंदाचा होता.

उथळ पाण्यात मनुष्य का बुडतो, हे समजून घेतले पाहिजे. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जाण्यासाठी एखादी खोलगट वाट धरते. त्या वाटेने ते समुद्राकडे वेगाने ओढ घेते. आश्चर्य असे की, या जागी लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्या मनुष्यास तेच पाणी शांत वाटते आणि तो तेथेच उतरतो. ओढीत सापडलेला पोहणारा घाबरून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारू लागतो, आणि थकून बुडतो. ही ओढ अरुंद असते. तिच्याविरुद्ध न लढता, अंग पाण्यावर तरंगत ठेवून, किनाऱ्याला समांतर असे बाजूस सरकावे; ओढीतून बाहेर पडल्यावर लाटाच किनाऱ्याकडे आणतात. काठावरच्यांनी त्याच्यामागे पाण्यात उड्या टाकू नयेत. दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे आणि जवळच्या मच्छीमारांस हाक मारावी.

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग आहे. देवबागची जमीन म्हणजे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामधली माडांनी भरलेली अरुंद पट्टी. तिच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते. नदीचे निळे-हिरवे पाणी आणि समुद्राच्या लाटा एकमेकांत मिसळताना पाहण्यास वाळूत बसावे. पाण्यात उतरावयाचे ठिकाण ते नव्हे. कारण ओहोटीस नदीचे आणि भरतीचे मागे फिरणारे असे दोन्ही पाणी तेथून एकदमच बाहेर पडत असते.

समुद्राकडे पाठ फिरवून जरा वर चढले की जांभ्या दगडाचा सडा लागतो. उन्हाळ्यात तो भाजलेल्या तव्यासारखा उजाड दिसतो. भाद्रपदात मात्र त्याच कातळावर बोटभर उंचीच्या फुलांचा गालिचा पसरतो. त्यांतील सीतेची आसवे हे निळसर-जांभळे फूल फार नाजूक. पण त्याचे रोप पाण्यातील बारीक जीव पकडून खाते. मालवण तालुक्यातील कुडोपी येथे अशाच सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेल्या आकृती आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. कोकणातील अशी काही निवडक ठिकाणे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेतली गेली, त्यांत कुडोपी आहे. कातळावर चालताना पायातले काढून बाजूने जावे. आकृतींवर पाय देऊ नये.

कार्तिक महिन्यापासून गावोगावी जत्रा सुरू होतात. तेव्हा रात्री देवळापुढे दशावतारी नाटक होते, आणि ते पाहण्यास फार तर बसायला एखादे पोते बरोबर न्यावे लागते. पायपेटी, पखवाज आणि झांज वाजू लागतात. आरंभी गणपती येतो, मग संकासुर येऊन लहान मुलांना भिववितो आणि हसवितो, आणि त्यानंतर मुख्य आख्यान उभे राहते. स्त्रियांची कामे पुरुषच करतात. नटांच्या हातात लिहिलेले नाटक नसते. कथा सर्वांस माहीत असते आणि संवाद ज्याचे त्याने तेथल्या तेथे रचावयाचे असतात. एखादा राजा दुसऱ्या राजास शास्त्रार्थात अडवितो तेव्हा प्रेक्षकांतील म्हातारे पुढे सरकून ऐकू लागतात. पहाटे दहिकाला होतो. नट तोंडावरचा रंग पुसतात आणि सामान पेटाऱ्यात भरून पुढच्या गावाची गाडी धरतात. पौर्णिमेची जत्रा असेल, तर त्या वेळी मालवणच्या खडकांवरून पाणी पार खाली गेलेले असते, आणि चांदण्यात कोणीतरी टोपली घेऊन कालवे काढावयास निघालेले असते.